टॅली, जीएसटी अन् सततची फिरती : लॅपटॉप कुठला घ्यावा? बजेट ९० हजारापर्यंत

जालन्याचा_मुनीम

नमस्कार मंडळी, लॅपटॉप घ्यायचाय अन् आठ दिवस झाले व्हिडिओ बघून बघून डोकं पिकलंय म्हणून इथं विचारायलोय.

काम सांगतो आधी. अकाउंट्स अन् टॅक्सचं स्वतःचं काम आहे, जालन्यात एमआयडीसीतले दोन सळईवाले, एक जिनिंग, तीन बियाण्यावाले, वसमतला हळदीचे दोन अडते अन् सेलूला एक डाळमिल, म्हणजे महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेरच, कधी लालपरी कधी रेल्वे, अन् सीसीचं (कॅश क्रेडिट, धंद्याचं बँक कर्ज) रिन्युअल निघालं की मुंबईच्या बँकेत चकरा. टॅली प्राइम (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेलच्या जाड जाड फायली (एक स्टॉकची फाईल आता पावणेदोन लाख ओळींची झालीय), जीएसटी पोर्टल, टीडीएसचं युटिलिटी, डिजिटल सहीचे सात-आठ टोकन (पेनड्राइव्हसारखे), बस. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

आत्ताचा लॅपटॉप चार वर्षांपूर्वी सेलमध्ये ४२ हजाराला घेतलेला, कंपनीचं नाव घेत नाही, कामून की चूक माझीच होती, रंग बघून घेतला. मागच्या महिन्यात १९ तारखेला देवगिरीनं येत होतो, एका अडत्याचं थ्री बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) राहिलेलं, म्हणलं गाडीतच भरून टाकू. मानवत रोड सोडलं अन् उजव्या बाजूची बिजागरी कट्‌कन वाजली, स्क्रीन काळी. एका ठराविक कोनात हातानं धरली की दिसायची, सोडली की गायब. शेवटी समोरच्या सीटवरच्या एका मावशीनं पडदा धरून ठेवला, "असा का तसा?" विचारत विचारत, अन् मी ओटीपी टाकून परतूर यायच्या आत रिटर्न सबमिट केला. मावशीला चहा पाजला पण लाज वाटली राव.

तर आता प्रश्न. १४ इंची घ्यावा का १५.६, कारण नंबरपॅडची सवय आहे पण पाठ दुखते. आय फाइव्ह का आय सेव्हन? अन् सगळ्यात महत्त्वाचं, बिघडला तर जालन्यात कोण बघणार?

परभणीकर_हार्डवेअर

दादा पंधरा वर्षं झाले रिपेअरिंगच्या दुकानात बसायलो, बिजागरीचे पेशंट आठवड्याला चार येतात त्यामुळं तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो.

बिजागरी स्वतः मोडत नसते. स्वस्तातल्या मॉडेलमधी काय असतं, बॉडीच्या प्लास्टिकमधी पितळेचे बारके नट बसवलेले असतात अन् बिजागरीचे स्क्रू त्या नटात. दोन-तीन वर्षात बिजागरी कडक होते, तुम्ही एका कोपऱ्याला धरून झाकण उघडता, सगळा जोर त्या प्लास्टिकवर, एक दिवस नट उपटून बाहेर अन् सोबत स्क्रीनची केबल चिमटते. मग लोक आरल्डाइट लावून आणतात माझ्याकडं. बिझनेस सिरीजमधी बिजागरी जाड असते अन् आतल्या धातूच्या फ्रेमला आवळलेली असते म्हणून ती टिकते. दुकानात गेल्यावर एक करा, झाकण एका बोटानं मधोमध धरून उघडा, अन् उघडल्यावर स्क्रीनचा कोपरा हलवून बघा, लई लवलव करत असंल तर राहू द्या.

बिझनेस सिरीज म्हणजे काय ते पण सांगतो, कारण दुकानदार कशालाही बिझनेस म्हणायलेत. लेनोवोचे थिंकपॅड (आयडियापॅड नव्हे), डेलचे लॅटिट्यूड, ज्यांचं नाव २०२५ पासून डेल प्रो केलंय, अन् एचपीचे प्रोबुक, एलिटबुक. तुमच्या बजेटमधी थिंकपॅड ई १४, प्रोबुक ४४० अन् डेलचे खालचे मॉडेल बसतात. टी १४, एलिटबुक नवीन घ्यायला गेलात तर वर जातंय.

प्रोसेसरवर पैसे नका घालू. आय फाइव्ह किंवा त्याच्या बरोबरीचं आताचं अल्ट्रा फाइव्ह, लई झालं. टॅलीला काय रॉकेट उडवायचंय का. वाचलेले पैसे वॉरंटीत घाला, तीन वर्षं ऑनसाइट अन् सोबत अॅक्सिडेंटल डॅमेजवाली. साधी वॉरंटी म्हणजे तुम्ही लॅपटॉप घेऊन सेंटरला जायचं, तिथं ठेवून यायचं अन् रोज फोन लावायचा. ऑनसाइट म्हणजे माणूस पार्ट घेऊन तुमच्या टेबलावर येतो. पण हे पण दुकानदाराला विचारू नका, कंपनीच्या नंबरला फोन लावा, आपला पिनकोड सांगा अन् म्हणा इथं घरी माणूस येतो का. जालन्याला संभाजीनगरवरून येतात, परभणीला एखादा दिवस जास्त धरा. "पुढच्या कामाच्या दिवशी" असं लिहिलेलं असलं तरी पार्ट हाताशी असला तरच, हे ध्यानात ठेवा.

लातूरचा_बंटी

भैया सरळ मॅकबुक एअर घेऊन टाका ना, मी दीड वर्षापासून वापरूलालाव, बॅटरी दिवसभर, फॅनच नाही त्यामुळं आवाज नाही, सव्वा किलोच्या आसपास वजन, अन् स्टुडंट ऑफर सेल सगळं धरून तुमच्या बजेटमधी येते. बिजागरी तर सोडाच.

गोदाकाठची_सीए

बंटी, मशीन चांगलंच आहे, पण मुनीमदादांचं काम वाचलंस का? टॅली विंडोजवर चालतं, मॅकवर सरळ बसत नाही. मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट (मोठ्या डेटाचा हिशेब लावायची सोय) नाही, आणि पावणेदोन लाख ओळींच्या फाईलला ते फार कामाला येतं. वर पोर्ट सगळे टाइप सी, आपले डिजिटल सहीचे टोकन जुन्या रुंद यूएसबीचे, म्हणजे डोंगल आला, आणि डोंगलमधून टोकन जरा हललं की सही करता करता एरर. कंपन्यांचं आणि एलएलपीचं रिटर्न डिजिटल सहीशिवाय जात नाही, तिथं ओटीपीवर भागत नाही.

दादा, हाच मुद्दा विंडोजमध्येसुद्धा बघा. सध्या स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप निघालेत, बॅटरी मस्त, दुकानदार फार कौतुक करतात. ते एआरएमवर चालतात, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरवर. साधी सॉफ्टवेअरं त्यावर चालून जातात, पण ड्रायव्हरचं तसं नाही, तो एआरएमसाठी वेगळा बनवलेला लागतो. तुमच्याकडचे टोकन दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे असणार, सगळ्यांचा ड्रायव्हर मिळेलच याचा भरवसा कोण देणार? इंटेल नाहीतर एएमडीच घ्या.

लातूरचा_बंटी

ताई क्लाउडवर टॅली मिळते की आता, ब्राउझरमधूनच उघडायची.

गोदाकाठची_सीए

मिळते. आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव चालू असताना, हजार माणसं एका टॉवरवर, तिथं बसून तू एक व्हाउचर (टॅलीतली नोंद) सेव्ह करून दाखव, चहा माझ्याकडून 😄

बरं, दादा, मी नांदेडला असते पण निम्मे क्लायंट हैदराबादचे, त्यामुळे माझंही तुमच्यासारखंच, बॅगेत ऑफिस. माझ्या अनुभवाचं सांगते.

रॅम १६ जीबीच्या खाली बघूच नका, आठ जीबी आता विंडोज आणि क्रोमच खाऊन टाकतात. रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे की स्लॉटमध्ये, हे घेण्याआधी विचारा, चिकटवलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही. सध्या रॅम महाग झालीय, पण एक स्लॉट मोकळा असला तर दोन वर्षांनी तुमच्या हातात काहीतरी राहतं. आणि नवीन मशीनवर ऑफिस टाकताना एक्सेल ६४ बिटचं आहे ना ते तपासा. माझ्या आधीच्या लॅपटॉपवर कुणीतरी ३२ बिटचं टाकून दिलं होतं, ते कितीही रॅम असली तरी थोडीशीच वापरतं, मी वर्षभर मशीनला शिव्या देत बसले.

एएमडी घेणार असाल तर एक गंमत. रायझनच्या ७००० वाल्या नंबरात तिसरा आकडा बघायचा. ७५२० मधला २ म्हणजे झेन टू, जुनी रचना, ७५३० मधला ३ म्हणजे झेन थ्री, आणि ७५४० मधला ४ म्हणजे झेन फोर. पहिला आकडा सगळ्यांचा सातच, त्यामुळे बॉक्सवर सगळे सारखेच नवे वाटतात. खोका बदलून जुनी डाळ.

स्क्रीन. यावर कुणी बोलत नाही पण आपण दिवसाचे दहा तास त्यात बघतो. १६:१० वाली घ्या, १९२० बाय १२००, एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात. मॅट हवी, चकचकीत नको. उजेड ३०० निट्स तरी हवा, जमलं तर ४००, कारण एसटीत खिडकीशी बसून काम करायचं असेल तर २५० वाल्या स्क्रीनमध्ये स्वतःचं तोंड दिसतं फक्त.

मोंढ्यातला_दादा

हिंगोलीहून. सगळं पटलं पण १४ इंची घेऊ नका हो. नंबरपॅड नाही म्हणजे आकडेमोडीच्या माणसाचा उजवा हात कापल्यासारखं. मी १६ इंची घेतलाय, थिंकपॅड ई १६, पावणेदोन किलोच्या वर आहे पण नंबरपॅड आहे. रोजमेळ टाकताना मी किबोर्डकडं बघत पण नाही. पाठीचं काय, पाठ तशीही दुखतेच.

परभणीकर_हार्डवेअर

हाव पण दादा, तुम्ही मोंढ्यात गादीवर बसून काम करता, मुनीमदादा देवगिरीत मांडीवर घेऊन करायलेत. १६ इंची मांडीवर घ्या, नंबरपॅडमुळं मुख्य किबोर्ड डावीकडं सरकलेला असतो, हात सारखा वाकडा. अन् लालपरीत तर समोरच्या सीटनं पाठ टेकवली की झाकण अर्धंच उघडतं.

१४ इंची घ्या अन् वेगळा यूएसबी नंबरपॅड हजाराच्या आत येतो, तो बॅगेत टाका. ऑफिसात मोठा मॉनिटर लावा जुना-बिना.

मोंढ्यातला_दादा

त्या वेगळ्या नंबरपॅडचं सांगू का, पोराच्या हातात पडला अन् पाचचं बटन गेलं. पण ठीक आहे, गाडीत काम करणाऱ्याचं वेगळं, मान्य.

बीडचा_पाहुणा

मधीच विचारतो, माफ करा. सिकंदराबादला सीटीसी या कॉम्प्युटर मार्केटमधून कंपनीतून निघालेला सेकंडहँड थिंकपॅड टी ४८० आणायचा विचार आहे, नव्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शात पडतो म्हणायलेत. मी नुकताच एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला (शिकाऊ म्हणून) लागलोय, ९० हजार स्वप्नात पण नाहीत. चालंल का?

परभणीकर_हार्डवेअर

चालंल, लई भारी मशीन आहे ते, दोन बॅटऱ्या, एक आत एक बाहेर, बाहेरची चालू मशीनमधी बदलता येते. रॅम पण वाढवता येते. पण चार गोष्टी बघून आण.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं अधिकृत चालतं. टी ४८० मधी बहुतेक आठवी पिढी आहे पण सातवीवाले पण निघालेत, तर नंबर ८ नं सुरू होतो का ते स्वतः बघ, आय ५-८२५० किंवा ८३५० असं. टी ४७० फुकट दिला तरी आता घेऊ नको. दुसरं, बायोसमधी (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंग) जाऊन बघ, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असतो काही काही मशीनमधी, तो निघता निघत नाही. तिसरं, तिथंच काउंटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरी रिपोर्ट काढ, पॉवरसीएफजीची कमांड आहे, त्यात मूळ क्षमता अन् आता भरणारी क्षमता दोन्ही दिसतात, निम्म्यावर आली असंल तर बॅटरीचे पैसे कमी करून माग. अन् अडॅप्टर ओरिजिनल घे रे बाबा. आपल्याकडं लाईट कशी येती माहितंय ना. मे महिन्यात दुपारी व्होल्टेज खाली-वर, डुप्लिकेट अडॅप्टर आधी जातो अन् जाता जाता बोर्ड घेऊन जातो.

अन् हो, लॅपटॉपला हात लावल्यावर बारीक करंट मारल्यासारखं वाटलं तर लॅपटॉप खराब नसतो, सॉकेटला अर्थिंग नसतं. निम्म्या गिऱ्हाइकांना मी वायरमनकडं पाठवतो.

बीडचा_पाहुणा

लई उपकार भाऊ. शनिवारी निघतो.

जालन्याचा_मुनीम

सगळ्यांचे आभार, बरंच डोकं हलकं झालं. आज संभाजीनगरला तीन दुकानं फिरलो. एक दुकानदार आय सेव्हन अन् आठ जीबी रॅमवाला गळ्यात मारायलता, म्हणे साहेब आय सेव्हन आहे. मी म्हणलं अन् रॅम? म्हणे ती काय नंतर टाकता येते. मागं उलटून विचारलं तर चिकटवलेली!

ई १४ अन् प्रोबुक ४४० दोन्ही हाताळले. ई १४ चं किबोर्ड आवडलं, बटनं जरा खोल जातात. त्याच्यात बॅटरीचे दोन प्रकार सांगितले, ४७ अन् ५७ वॉट अवरची. अजून एक, होम का प्रो घ्यावी विंडोज? पाच-सहा हजाराचा फरक सांगायलाय.

गोदाकाठची_सीए

५७ वाली. रात्री ११ ते पहाटे ५ गाडीतले चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात, आणि चालू असतात तेव्हा त्यावर सहा मोबाईल लटकलेले असतात. चार्जर ६५ वॉटचा टाइप सी असतो, त्यानं मोबाईलही चार्ज होतो, एकच वागवा. विमानानं गेलात तर लॅपटॉप आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेत ठेवा, १०० वॉट अवरपर्यंत अडवत नाहीत.

प्रो घ्या. आपल्या मशीनमध्ये दहा-बारा जणांचे पॅन, बँक स्टेटमेंट, टोकनचे पासवर्ड (एक्सेलमध्ये लिहून ठेवलेत ना? मला माहितंय). बॅग गाडीत राहिली तर लॅपटॉपचे पैसे जातील ते जातील, पण क्लायंटला काय सांगणार? प्रोमध्ये बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप) चालू करा. मात्र त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून घरी कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे. बायोस अपडेट झाल्यावर कधीतरी अचानक मागतं ते. माझ्याकडे १० तारखेला मागितली होती, जीएसटीआर वनच्या (विक्रीच्या रिटर्नच्या) शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, आणि की होती त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर.

आणि बिल स्वतःच्या जीएसटी नंबरवर घ्या. समजा ८२,६०० चं बिल झालं, तर त्यात ७० हजार मूळ आणि १८ टक्क्यांनी १२,६०० टॅक्स, तो क्रेडिटला. घसारा मग ७० हजारावरच, टॅक्सवर पण घसारा लावला तर क्रेडिट जातं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण स्वतःच्याच वस्तूचं बिल साध्या नावावर घेऊन येणारे मुनीम मी बघितलेत.

जालन्याचा_मुनीम

ताई, मागचा ४२ हजाराचा तसाच आणला होता. गप्प बसतो 🙏

परभणीकर_हार्डवेअर

दादा एक राहिलं, जुन्या लॅपटॉपची स्क्रीन हातानं धरून का होईना चालू होते ना, तर विकायच्या आधी टॅलीचं लायसन्स त्याच्यावरून सरेंडर करून घ्या अन् मग नव्यावर अॅक्टिव्हेट करा. अन् टोकनचे ड्रायव्हर नव्यावर थ्री बीच्या २० तारखेच्या आधी टाकून एकेक सही मारून बघा, २० ला नको.

जालन्याचा_मुनीम

दहा दिवसांनी लिहायलोय. ई १४ घेतला, १६ जीबी, एक स्लॉट मोकळा, ५७ वाली बॅटरी, विंडोज प्रो, तीन वर्षं ऑनसाइट अन् अॅक्सिडेंटल. जीएसटी नंबरवर बिल. पिनकोड सांगून फोनवर विचारून घेतलं, जालन्याला येतात म्हणाले. मॅकवाल्या बंटीनं नाराज होऊ नये.

जुन्यावरून लायसन्स सरेंडर करायला बायकोनं स्क्रीन धरली. एक सोडून सगळे टोकन चालले, त्या एकाची मुदतच संपली होती.

फक्त एक वैताग. टॅलीत एफ फाइव्ह दाबलं की पेमेंट व्हाउचर उघडायचं सोडून स्क्रीनचा उजेड कमी होतो, अन् एफ सिक्स दाबलं की रिसीटऐवजी उजेड वाढतो. म्हणजे पेमेंटला अंधार अन् रिसीटला उजेड. हळदवाल्या शेठना दाखवलं तर ते म्हणले राहू द्या तसंच, बरोबर आहे.

परभणीकर_हार्डवेअर

😂 एफएन अन् एस्केप सोबत दाबा एकदा. शेठला सांगू नका.